बाबासाहेब आंबेडकर यांचे वकिली जीवन

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१ – ६ डिसेंबर १९५६) हे भारतीय कायदेपंडित, अर्थशास्त्रज्ञ, समाजसुधारक, राजकीय नेते व भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. इ.स. १९२३ पासून १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात दाखल होईपर्यंत त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात आणि मुंबई इलाख्यातील जिल्हा न्यायालयांत वकिली केली. त्यांच्या सार्वजनिक कार्याच्या तुलनेत हा काळ कमी परिचित आहे. त्यांच्याकडे येणारे बहुतेक अशील गरीब होते व कोर्टाच्या कामाशी अपरिचित होते. महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात तर ते स्वतःच प्रतिवादी होते. कायद्याकडून काय मिळू शकते, किती काळाने मिळते आणि काय मिळू शकत नाही, हे आपल्या लोकांना समजावून सांगण्याची जबाबदारी या काळात त्यांच्यावर वारंवार आली. चाळीसगाव आणि धुळे या खानदेशातील गावांशीही त्यांच्या या आयुष्याचा संबंध आहे.

पार्श्वभूमी आणि शिक्षण

आंबेडकरांचा जन्म मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. हे कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर, बडोदा संस्थानचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये त्यांनी लंडन येथे अर्थशास्त्राच्या अभ्यासासोबत ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठी नाव नोंदवले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले.

बडोद्यात नोकरीसाठी गेले असता अस्पृश्य म्हणून त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही व ते मुंबईला परत आले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून काम करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांचे साहाय्य घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. २८ जून १९२२ रोजी ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर म्हणून मान्यता दिली. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी मिळाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते मुंबईला आले.

सनद आणि व्यवसायाची सुरुवात

बॅरिस्टर झाल्यावरही मुंबईत वकिली करण्यासाठी उच्च न्यायालयाची सनद घ्यावी लागे व त्यासाठी शुल्क भरावे लागे. त्या वेळी आंबेडकरांकडे तेवढी रक्कम नव्हती. नवल भथेना यांनी पुन्हा मदत केल्यावर १९२३ च्या मध्यास त्यांनी व्यवसायाला प्रारंभ केला.

मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडवर त्या काळी दुहेरी पद्धत होती. अशील प्रथम सॉलिसिटरकडे जाई, सॉलिसिटर कागदपत्रे तयार करी आणि आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरला ब्रीफ देई. अशिलाला बॅरिस्टर स्वतः निवडण्याची वाट जवळजवळ नव्हती. त्यामुळे नव्या बॅरिस्टरचे भवितव्य त्याच्या बुद्धीइतकेच सॉलिसिटरांच्या ओळखीवर अवलंबून असे. हा व्यवसाय प्रामुख्याने युरोपीय, पारशी व गुजराती पेढ्यांच्या हाती होता. या वर्तुळात आंबेडकरांना ना नातेसंबंध होते, ना सामाजिक वावर. जातीमुळे त्यांच्याकडे ब्रीफ देण्यास अनेक जण कचरत. युरोपीय बॅरिस्टरांविषयी लोकांना वाटणारे आकर्षण हीदेखील एक अडचण होती.

यामुळे त्यांनी अपील शाखेवर आणि मुंबईबाहेरील जिल्हा न्यायालयांवर लक्ष केंद्रित केले. तेथे स्थानिक वकील थेट बॅरिस्टरला बोलावू शकत. ठाणे, पुणे, धुळे अशा ठिकाणी त्यांनी काम केले ते याच मार्गाने. उत्पन्न अनियमित असल्याने जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायद्याचे अर्धवेळ अध्यापनही केले.

अशील आणि त्यांच्या अपेक्षा

परळ येथील पोयबावडीच्या चाळीत राहत असताना आणि दामोदर हॉलमधील कार्यालयात काम करत असताना आंबेडकरांकडे दोन प्रकारचे लोक येत. काही कोर्टातील कज्जे घेऊन येत. त्यांहून अधिक लोक अशा तक्रारी घेऊन येत ज्यांचे रूपांतर दाव्यात होऊ शकेल की नाही, हेच प्रथम ठरवावे लागे. पाणवठ्यावरची बंदी, गावकीचा बहिष्कार, वतनाच्या कामाचा जुलूम, नोकरीतील अन्याय हे त्यांतील नेहमीचे विषय होते. गरीब अशिलांकडून ते अनेकदा फी घेत नसत.

मात्र फी न घेतल्याने वकिलाचे काम सोपे होत नव्हते. आपल्यातला एक माणूस विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला आहे, तेव्हा आता न्याय मिळणारच, अशी भावना या लोकांत होती. प्रत्यक्षात सामाजिक बहिष्कारासारख्या अन्यायाविरुद्ध त्या काळच्या कायद्यात परिणामकारक तरतूद नव्हती. गावाने कामावर न बोलावणे, दुकानदाराने माल न देणे, जमीनदाराने कूळ काढून टाकणे यांतील प्रत्येक कृत्य सुटे पाहिल्यास कायदेशीर ठरे. जिथे दावा चालू शकत नव्हता, तिथे अर्ज, शिष्टमंडळ, वृत्तपत्र आणि विधिमंडळ हे मार्ग उरत. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेली बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ मध्ये सुरू झालेले बहिष्कृत भारत हे पाक्षिक आणि त्याच वर्षी मुंबई कायदे कौन्सिलातील नियुक्ती यांचा त्यांच्या वकिलीशी असा थेट संबंध होता. कोर्टात न सुटणारे प्रश्न ते या मार्गांनी पुढे नेत.

देशाचे दुश्मन खटला

आंबेडकरांना वकील म्हणून नाव मिळवून देणारा पहिला मोठा खटला १९२६ चा होता. ब्राह्मणेतर चळवळीतील तरुण नेते दिनकरराव जवळकर यांच्या 'देशाचे दुश्मन' या पुस्तिकेत लोकमान्य टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर अत्यंत कठोर भाषेत टीका होती. त्यावरून जवळकर, केशवराव जेधे व त्यांच्या सहकाऱ्यांवर बदनामीचा खटला भरण्यात आला आणि खालच्या न्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावली. पुण्याच्या सत्र न्यायालयातील अपिलात आंबेडकरांनी आरोपींची बाजू मांडली.

पुस्तिकेची भाषा योग्य होती की नाही, या वादात त्यांनी बचाव गुंतू दिला नाही. ज्याची बदनामी झाल्याचे म्हटले जाते त्या मृत व्यक्तीशी फिर्यादीचे नाते कितपत जवळचे आहे आणि त्याला फिर्याद करण्याचा अधिकार पोहोचतो का, या मुद्द्यावर त्यांनी भर दिला. अपील मान्य होऊन आरोपी निर्दोष सुटले. आरोपींना आपल्या मतांचा जाहीर विजय हवा असता तरी या युक्तिवादातून तो मिळणारा नव्हता. मिळाली ती सुटका. राजकीय स्वरूपाच्या खटल्यातही कायद्याच्या नेमक्या मुद्द्यापुरते बोलण्याची ही पद्धत त्यांच्या पुढील कामातही आढळते.

महाडचा दावा

मनाई हुकूम

मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याची शिफारस केली होती. त्यानुसार महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेच्या प्रतिनिधींनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले व पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला. तेव्हा डिसेंबर १९२७ मध्ये महाडला पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले.

सत्याग्रहाच्या तोंडावर, १२ डिसेंबर १९२७ रोजी, महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी तेथील दिवाणी न्यायालयात आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा दाखल केला. तळे खासगी असून अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची परंपरा आहे, असे वादींचे म्हणणे होते. १४ डिसेंबर रोजी न्यायालयाने प्रतिवादींना तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई केली.

तहकुबीचा निर्णय

२५ डिसेंबरला परिषद सुरू झाली तेव्हा सत्याग्रहासाठी नावे दिलेले हजारो लोक महाडला जमले होते. अनेक जण शिक्षा भोगण्याची तयारी करून आले होते. परिषदेसाठी सवर्णांपैकी कोणी जागा न दिल्याने एका मुसलमान गृहस्थाच्या जागेत मंडप घालावा लागला होता. त्या रात्री मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. मनाई हुकूम असला तरी तळ्यावर जावे, अशीच बहुसंख्य प्रतिनिधींची भावना होती. जिल्हाधिकाऱ्यांनी परिषदेत येऊन न्यायालयाचा आदेश न मोडण्याचे आवाहन केले.

आंबेडकरांपुढील पेच दुहेरी होता. ते या लोकांचे नेते होते आणि त्याच दाव्यातील प्रतिवादी व कायद्याचे जाणकारही होते. आदेश मोडला असता तर लढा सवर्णांशी न राहता सरकार व न्यायालयाशी झाला असता, शेकडो गरीब माणसे तुरुंगात गेली असती आणि चालू दाव्यातील आपली बाजू कमकुवत झाली असती. आदेश पाळला, तर घरदार सोडून आलेल्या लोकांना पाण्याला न शिवता परत पाठवावे लागणार होते. यामुळे चळवळीने माघार घेतली, असे विरोधकांना म्हणता येणार होते.

प्रतिनिधींना त्यांनी आपले म्हणणे पूर्ण मांडू दिले. दोन्ही बाजूंनी भाषणे झाली. त्यानंतर न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव २७ डिसेंबर रोजी संमत झाला. लोकांनी शहरातून तळ्याच्या बाजूने शिस्तबद्ध मिरवणूक काढली व ते परतले. या निर्णयाविषयी नाराजी होती. तहकुबीची कारणे आंबेडकरांनी नंतर बहिष्कृत भारत मधून सविस्तर मांडली. या प्रसंगात दाव्याच्या यशाची खात्री देण्यात आली नव्हती. जे ठरले ते निकालाची वाट पाहण्याचे होते.

निकाल

२३ फेब्रुवारी १९२८ रोजी तात्पुरता मनाई हुकूम उठला, पण मूळ दावा चालूच राहिला. साक्षी-पुरावे, जुने दप्तर आणि नगरपालिकेच्या नोंदी यांत वर्षे गेली. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने प्रतिवादींच्या बाजूने निकाल दिला. वादींचे अपील ठाण्यातही फेटाळले गेले. त्यानंतर ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांच्या पीठाने अपील फेटाळले. १९२२ मध्ये महात्मा गांधींवरील राजद्रोहाचा खटला चालवणारे न्यायाधीश ते हेच ब्रूमफील्ड. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे वादी सिद्ध करू शकले नाहीत, हा या निकालाचा मुख्य आधार होता.

दावा दाखल झाल्यापासून अंतिम निकालापर्यंत सव्वानऊ वर्षे लागली. १९२७ मध्ये महाडला आलेल्या लोकांना जे उत्तर त्याच आठवड्यात हवे होते, ते मिळेपर्यंत गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन गेले होते. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवले येथे धर्मांतराची घोषणाही केली होती. शिवाय निकालाचे क्षेत्र मर्यादित होते. अस्पृश्यता अन्याय्य आहे असे न्यायालयाने म्हटले नव्हते. एका तळ्याबाबत एक रूढी सिद्ध झाली नाही, एवढेच त्यात होते. अस्पृश्यता नष्ट झाल्याची घोषणा करणारा आणि तिचे पालन हा गुन्हा ठरवणारा नियम १९५० मध्ये संविधानाच्या अनुच्छेद १७ च्या रूपाने आला.

खानदेशाशी संबंध

चाळीसगाव, १९२९

मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आंबेडकर तिचे सदस्य होते. ऑक्टोबर १९२९ मध्ये खानदेशातील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी करण्यासाठी ते धुळे रेल्वेमार्गावरील त्या गावी गेले. परतीच्या वाटेवर पूर्व खानदेशातील, म्हणजे आताच्या जळगाव जिल्ह्यातील, चाळीसगाव येथे त्यांना गाडी बदलायची होती. धुळ्याची शाखा रेल्वे तेथेच मुख्य मार्गाला मिळते. तेथील महार मंडळींनी त्यांना एक रात्र मुक्काम करण्याचा आग्रह केला.

स्थानकावर त्यांना बराच वेळ थांबावे लागले, कारण एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन जाण्यास तयार नव्हता. पाहुण्याला पायी नेणे यजमानांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी टांगा भाड्याने द्यावा, पण हाकणारा माणूस आपला असावा, अशी तडजोड झाली. ज्याने लगाम हाती घेतला त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. नदीवरील पुलावर चाक दगडांच्या फटीत अडकले, आंबेडकर बाहेर फेकले गेले आणि घोडा टांग्यासह खाली नदीत कोसळला. त्यांच्या पायाचे हाड मोडले व इतरही दुखापती झाल्या. टांग्यासाठी उशीर का झाला होता, हे त्यांना नंतर समजले.

हा प्रसंग त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनपर टिपणांत नोंदवला. उच्च न्यायालयात उभा राहणारा बॅरिस्टरही टांगेवाल्याच्या नजरेत आपल्यापेक्षा खालचा होता, हा त्यातून त्यांनी काढलेला अर्थ आहे. बहिष्काराची चौकशी करण्यास गेलेल्या माणसालाच परतीच्या वाटेवर त्याचा अनुभव आला. कोणत्याही न्यायालयात दाद मागता येईल असा गुन्हा यात घडलेला नव्हता.

धुळे, १९३७

१९३७ च्या फेब्रुवारीत आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले. त्यानंतर काही महिन्यांनी, ३१ जुलै १९३७ रोजी, ते धुळे येथील न्यायालयात चाललेल्या एका खटल्यासाठी तेथे आले. यावेळी त्यांचे वास्तव्य धुळ्याजवळील लळिंग किल्ल्याच्या पायथ्याच्या वनक्षेत्रातील बंगल्यात झाले. हा बंगला लांडोर बंगला या नावाने ओळखला जातो. त्या काळी मोठा बॅरिस्टर जिल्ह्याच्या ठिकाणी येणे ही स्थानिक घटना असे. आंबेडकरांच्या बाबतीत न्यायालयातील कामाबरोबरच त्यांना पाहण्यासाठी येणाऱ्या लोकांची गर्दी हाही प्रवासाचा भाग असे. दर वर्षी ३१ जुलै रोजी लांडोर बंगल्यावर त्यांच्या स्मरणार्थ यात्रा भरते व तिला खानदेशातून मोठ्या संख्येने लोक येतात.

समाजस्वास्थ्य खटला

संततिनियमनाचे पुरस्कर्ते रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या समाजस्वास्थ्य या मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली जात. त्यावरून कर्वे यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधील खटल्यात आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. लैंगिक विषयावरील लिखाण केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही आणि वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना शास्त्रीय उत्तर देणे हे मासिकाचे कामच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही व कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. या विषयावर समाजमत आणि न्यायाधीशांचे मत दोन्ही प्रतिकूल असताना, विजयाची शक्यता कमी असलेले हे काम त्यांनी पत्करले होते. कर्वे यांनी दंड भरला आणि मासिक पुढेही चालू ठेवले.

अध्यापन

जून १९२८ ते मार्च १९२९ या काळात आंबेडकरांनी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात अध्यापन केले. १ जून १९३५ रोजी ते त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९३८ पर्यंत त्या पदावर होते. १९५६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले.

वकिलीचा शेवट आणि नंतरचे कार्य

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून नियुक्ती झाल्यावर आंबेडकरांचे नियमित न्यायालयीन काम थांबले. स्वातंत्र्यानंतर ते देशाचे पहिले कायदामंत्री झाले. त्यांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या संविधानात अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क अनुच्छेद २२ ने दिला. मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा हक्क अनुच्छेद ३२ ने दिला. हिंदू कोड बिल रखडल्याने त्यांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

महत्त्व

वकील म्हणून आंबेडकरांना मुंबईच्या पहिल्या फळीतील श्रीमंत बॅरिस्टरांइतके उत्पन्न मिळाले नाही. राजकारण, परिषदा व परदेश प्रवास यांमुळे व्यवसायात वारंवार खंड पडला. तरीही या दोन दशकांचा त्यांच्या पुढील कार्याशी जवळचा संबंध आहे. जिल्हा न्यायालयातील कामातून त्यांना गावपातळीवरच्या अन्यायाचे तपशील मिळाले. महाडच्या दाव्यातून न्यायालयीन मार्गाचे बळ आणि त्याची संथ गती यांचा त्यांना प्रतिवादी म्हणून प्रत्यक्ष अनुभव आला. पुण्यातील यश, कर्वे खटल्यातील अपयश आणि महाडची सव्वानऊ वर्षांची प्रतीक्षा यांतून दिसते की, अशिलाला आश्वासन देण्यापेक्षा त्याच्या प्रश्नाचा कायद्यात बसणारा भाग वेगळा काढणे आणि उरलेल्या भागासाठी कायदाच बदलण्याचा प्रयत्न करणे, ही त्यांच्या वकिलीची दिशा होती. कौन्सिलात १९२८ मध्ये मांडलेले महार वतनविषयक विधेयक आणि विधानसभेत १९३७ मध्ये मांडलेले खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक ही त्याची उदाहरणे आहेत.